आजोबांनी कापलेला समास

आमचे आजोबा स्वतःच्याच घरात दार वाजवून येत. दाराला दिवसा कुलूप नसे, असलंच तर किल्ली त्यांच्याच खिशात असे, आणि घराच्या कागदांवर नावही त्यांचंच होतं. तरी बाहेरून आले की पायपुसण्यावर उभे राहायचे, बूट घासूनपुसून घ्यायचे, दोन बोटांनी टकटक करायचे आणि आतून कोणी 'या' म्हणेपर्यंत तसूभर हलायचे नाहीत. पावसात भिजत असले तरी. दोन्ही हातांत बटाट्यांच्या पिशव्या असल्या तर त्या खाली ठेवून वाजवायचे.

आजी आतून मुद्दाम ओरडायची, "कोण आहे?"

"मी आहे."

"मी म्हणजे कोण?"

"तुझा नवरा."

"बरं, या मग."

शेजाऱ्यांना वाटायचं, काय हे म्हातारा-म्हातारीचे लाड! आजीच्या बाजूने ते लाडच होते. आजोबांच्या बाजूने काय होतं ते मला गेल्या वर्षी कळलं, त्यांच्या लढाईतल्या डायऱ्या संग्रहालयाला द्यायच्या ठरल्या तेव्हा. तोवर त्यांना चिडवणाऱ्यांत माझा पहिला नंबर होता.

आजोबा मूळचे या देशातले नव्हेत. विशीही उलटली नव्हती तेव्हा एक पत्र्याची ट्रंक घेऊन ते बोटीने इथे आले. खिशात चुलत्याचा पत्ता होता. त्या पत्त्यावर जाऊन दार वाजवलं, तर चुलता केव्हाच खोली सोडून पसार झालेला. कुठे गेला, कोणाला पत्ता नाही. घरमालकिणीने चुलत्याची विसरलेली छत्री दारातूनच यांच्या हातात दिली आणि दार लावून घेतलं. "या देशात मला मिळालेली पहिली इस्टेट," असं आजोबा सांगायचे. ती छत्री उघडत नसे.

मग एका लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीवर उभे राहिले. भाषा येत नव्हती. 'हो', 'नाही' आणि 'उद्या' एवढ्या भांडवलावर त्यांनी तिथे दिवस काढले, आणि गिऱ्हाइकांशी बोलायला तेवढे शब्द पुरतात असं त्यांचं मत होतं. तेवढ्यात लढाई सुरू झाली. सैन्यात जाणाऱ्या परक्या माणसाला पुढे नागरिकत्वाचा कागद मिळणार होता. देशप्रेमाबद्दल विचारलं की आजोबा कानावर हात ठेवायचे. म्हणायचे, "सैन्यात बूट मिळत होते. माझे फाटले होते."

सैन्यात त्यांना तार टाकायच्या तुकडीत घातलं. तार म्हणजे टेलिफोनची तार. एकाने तारेचं रीळ पाठीवर घेऊन पुढे चालायचं. दुसऱ्याने मागून ती तार जमिनीला दाबत, झुडपांत लपवत यायचं. तुटली की हाताने चाचपत चाचपत जायचं, तुटलेली जागा सापडली की जोडायची आणि परत यायचं. रीळ आजोबांच्या पाठीवर असायचं. मागून यायचा लंबू.

हा लंबू म्हणजे आमचा लंबूमामा. खरं तर माझ्या बाबांचा मामा, पण घरात सगळे त्याला लंबूमामाच म्हणतात. आमच्यापैकी कोणीही त्याला पाहिलेलं नाही. दारातून वाकून यावं लागे इतका उंच होता म्हणे. ट्रंकेत दोघांचा एक फोटो आहे, त्यात आजोबा पूर्ण आले आहेत आणि लंबूमामा कपाळापर्यंत. वरचं डोकं फोटोत मावलंच नाही.

लंबूला शाळामास्तर व्हायचं होतं. लढाईमुळे ते राहून गेलं होतं आणि शिकवायची खुमखुमी तर जात नव्हती, म्हणून त्याने आजोबांना धरलं. रोज संध्याकाळी इथल्या भाषेत चार ओळी लिहायच्या, कागदाच्या एकाच बाजूला, आणि कडेला मोठा समास सोडायचा. तो समास मास्तरांचा. "नाही लिहिल्यास तर उद्या रीळ तुझ्या पाठीवर!" अशी धमकी होती. रीळ तसंही रोज आजोबांच्याच पाठीवर असायचं, पण हे लक्षात येण्याइतकी भाषा त्यांना तेव्हा येत नव्हती.

अशा त्या डायऱ्या झाल्या. मी लहानपणी त्या चोरून वाचायचे आणि लढाई शोधायचे. लढाई फारशी सापडायची नाही. आजोबांच्या बोजड अक्षरात असायचं, 'आज तार टाकली. उद्या ती तुटेल. परवा जोडू.' आणि समासात निळ्या पेन्सिलीने लंबूमामा, 'तेरवा रविवार आहे, तेरवा आपण' ... पुढे काही नाही. आजोबा लिहितात, 'सूप मिळालं. सूपमध्ये फक्त चमचा दिसत होता.' लंबूमामा विचारतो, 'तो चमचा तरी' ... पुढे काही नाही. 'साहेबांनी मला शाबासकी दिली' यावर लंबूमामाने चांगला लांबलचक शेरा मारलेला आहे, आणि त्याचीही प्रत्येक ओळ शेवटाला येऊन कड्यावरून खाली पडल्यासारखी नाहीशी होते.

हे सगळं आजोबांनी स्वतःच्या हाताने केलं. ते कसं केलं, ते सांगायला आधी थोडं दुःखाचं सांगायला हवं.

एकदा तुकडीला सुट्टी मंजूर झाली. सगळ्यांना सुट्टीचे कागद मिळाले, आजोबांनाही मिळाला. त्या संध्याकाळी त्यांनी डायरीत लिहिलं, 'सगळे घरी जाणार. मी कुठे जाऊ? या देशात माझा पत्ता म्हणजे तंबू.' दुसऱ्या दिवशी त्यांना सणकून ताप भरला आणि त्यांना हॉस्पिटलात हलवलं. वही तंबूतच राहिली. सुट्टी सुरू व्हायच्या आत तार तुटली. लंबू दुसऱ्या कोणाला घेऊन ती जोडायला गेला आणि परत आला नाही.

एवढंच. आजोबा याहून जास्त कधी बोलले नाहीत. फक्त एकदा, मी बरीच मोठी झाल्यावर, म्हणाले, "ताप मला आला आणि गेला तो." मग उठून आपल्या बाइंडिंगच्या दुकानाची फळी पुसायला लागले. फळी आधीच स्वच्छ होती.

वही त्यांना नंतर सामानाबरोबर परत मिळाली. ती उघडायची त्यांची छाती झाली नाही. लढाई संपली, नागरिकत्वाचा कागद मिळाला, आणि ते एका बाइंडरच्या हाताखाली कामाला लागले. मालक मोठे कडक. म्हणाले, गिऱ्हाइकाच्या पुस्तकावर हात बसवायचा नाही, घरचे काही कागद असतील ते आण. आजोबांच्या घरचे कागद म्हणजे या वह्या. त्यांनी त्या उसवल्या, पानं जुळवली, दोऱ्याने शिवली, पाठीला सरस लावला आणि गठ्ठा कापायच्या यंत्रात सरकवला. यंत्राचं मोठं पातं, वर चाकासारखं हँडल. बाइंडरला पुढेमागे झालेल्या कडा दातात अडकलेल्या काडीसारख्या छळतात. सगळी पानं एका रेषेत येईपर्यंत आजोबांनी हँडल फिरवलं. कडा अशा गुळगुळीत झाल्या की मालकांनी पहिल्यांदाच पाठीवर थाप मारली.

मग त्यांनी पुस्तक उघडून पाहिलं. स्वतःचं अक्षर सगळं शाबूत. लंबूच्या प्रत्येक ओळीचं शेपूट गायब. आणि ज्या पानावर 'मी कुठे जाऊ' लिहिलं होतं, तिथे समासात निळ्या पेन्सिलीच्या तीन ओळी, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेल्या:

'घर नाही म्हणून नाक गाळू नकोस, गाढवा. आमच्या घरी'

'आई म्हणजे'

'आणि धाकटीला सांग की'

आजोबा टोपलीकडे धावले. टोपली रिकामी. कापलेल्या पट्ट्या सरसाच्या भांड्याखालच्या चुलीत गेल्या होत्या, कारण बाइंडिंगच्या दुकानात चूल पेटवायला त्याच वापरतात. सरस छान वितळला होता.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ते पुस्तक बगलेत घेऊन लंबूच्या घरी गेले आणि दार वाजवलं. दार पणजीने उघडलं, म्हणजे लंबूच्या आईने. आजोबा पाठ केलेलं भाषण जागच्या जागी विसरले. त्यांनी पुस्तक उघडून ते पान तिच्यापुढे धरलं. पणजीने तीन ओळी वाचल्या. एकदा वाचल्या, पुन्हा वाचल्या.

"पुढे काय?"

"कापलं गेलं. मीच कापलं."

पणजीने त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. नजर बुटांवर परत आली. "पाय पुसून आत ये," ती म्हणाली.

आत धाकटी होती. धाकटी म्हणजे माझी आजी. तिच्या भावाच्या अक्षराची कशी वाट लावली ते पाहून तिचा असा तिळपापड झाला की ती या पाहुण्याशी कित्येक महिने एक शब्दही बोलली नाही. ते दर सुट्टीला येत, दार वाजवत, पाय पुसत, पणजीचं मोडकं फर्निचर सरसाने चिकटवून देत आणि जात. शेवटी धाकटीनेच एकदा विचारलं, "तुम्हाला कापण्याखेरीज दुसरं काही येतं का?" आजोबा म्हणाले, "जोडता येतं. तार, लाकूड, कागद, सगळं." लग्नाचं बोलणं ते एवढंच.

तेव्हापासून त्या तीन अर्धवट ओळी आमच्या घरचा खेळ झाल्या. जेवायला बसलं की कोणीतरी सुरू करायचं. 'आमच्या घरी' ... 'आधीच गर्दी आहे!' 'आई म्हणजे' ... 'साक्षात तोफ!' हे पणजीने स्वतःच पुरं केलं होतं म्हणे. धाकटीच्या ओळीवर आजीचा दावा ठाम होता. 'धाकटीला सांग की माझ्या सायकलला हात लावू नकोस.' भाऊ लढाईवर गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने सायकल बाहेर काढून आपटली होती आणि त्याला तिकडे बसून कळलं असणार याची तिला खात्री होती. माझ्या बाबांनी, आत्यांनी, आम्ही नातवंडांनी या ओळींना इतकी शेपटं लावली की लंबूमामा परत आला असता तर त्याने आमच्याच पानांवर शेरे मारले असते.

आजोबा या खेळात हसायचे, पण पहिल्या ओळीला स्वतः कधी शेपूट लावत नसत. हे कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

आता गेल्या वर्षाचं. आजोबांचं दुकान आता मी चालवते. चालवते म्हणजे झेरॉक्स, लॅमिनेशन आणि स्पायरल बाइंडिंग. आजोबा कोपऱ्यातल्या उंच स्टुलावर बसून माझं काम बघायचे आणि गिऱ्हाइकांदेखत म्हणायचे, "भोकं पाडणं याला बांधणी म्हणत नाहीत." गिऱ्हाईक हसायचं, मी दात-ओठ खायचे. एकदा गावच्या संग्रहालयाची पत्रकं झेरॉक्सला आली. परदेशातून येऊन या देशासाठी लढलेल्यांचे कागद, फोटो, डायऱ्या कोणाकडे असतील तर संग्रहालय ते जपून ठेवणार होतं. मशीनमधून पत्रकं बाहेर पडत होती आणि आजोबा त्यातलं एक हातात धरून बराच वेळ वाचत बसले.

"देऊया," ते म्हणाले.

"आजोबा, घरातल्या वस्तू कशाला बाहेर द्यायच्या? मी आहे ना सांभाळायला."

"तू भोकं पाडशील."

मग जरा वेळाने म्हणाले, "आमच्यामागे लंबूला कोण वाचणार गं? तिथे निदान कोणीतरी उघडून बघेल."

आजीला विचारलं. ती म्हणाली, "द्या बाई. ती ट्रंक पलंगाखालून गेली तर मला झाडू तरी मारता येईल." पण बोलताना तिने डोळे पुसले, आणि कांदा तर अजून चिरायला घेतलाही नव्हता.

संग्रहालयाच्या बाई घरी आल्या. हसऱ्या, नीटस, हातात पांढरे मोजे. त्यांनी सगळे कागद टेबलावर मांडले. पगाराचं पुस्तक, हॉस्पिटलची चिठ्ठी, न वापरलेला सुट्टीचा कागद, डोकं नसलेला फोटो. प्रत्येक वस्तूसाठी एक कार्ड भरत गेल्या. डायऱ्या चाळताना त्या दोनदा मोठ्याने हसल्या, त्यामुळे आजी एकदम त्यांच्या बाजूची झाली आणि चहा दुसऱ्यांदा आला. शेवटच्या पानाशी त्या थांबल्या.

"इथे काय लिहिलं होतं?"

"त्याने मला घरी बोलावलं होतं," आजोबा म्हणाले.

बाईंनी ओळ पुन्हा वाचली. "पण शेवट कापला गेलाय. मी 'मजकूर अपूर्ण' असं लिहिते. बोलावलं होतं असं नक्की म्हणता येणार नाही ना?"

त्या अगदी सहज बोलल्या. त्यांचं कामच ते, जे कागदावर आहे तेवढंच लिहायचं. पण आजोबांचा चेहरा उतरला. त्यांनी टेबलावरून पुस्तक उचललं, छातीशी धरलं आणि म्हणाले, "नको. देत नाही मी."

बाई गोंधळल्या. आजी म्हणाली, "अहो, असं काय करता?" आजोबा बाहेर पडले आणि तडक दुकानात आले. मी मागोमाग.

ते स्टुलावर बसले. मी मशीन बंद केलं.

"तुला माहितेय, पहिल्यांदा मी या देशात दार वाजवलं तेव्हा छत्री मिळाली," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा वाजवलं ते लंबूच्या घरचं. मी असा गेलो की जसं काही त्याने बोलावलंय. आणि राहिलो. जेवलो, लग्न केलं, पोरं झाली, तेच घर माझ्या नावावर झालं. पण त्याने बोलावलं होतं का, हे मला माहीत नाही. त्याने लिहिलं असेल, 'आमच्या घरी कळवू नकोस.' लिहिलं असेल, 'आमच्या घरी पण हेच रडगाणं आहे.' तो काहीही लिहिणारा होता. आणि ते मी कापलं."

"पणजीने आत घेतलं ना तुम्हाला?"

"तिने घेतलं. ती भली बाई होती, दारात आलेल्या कोणालाही घेतलं असतं. मी लंबूचं विचारतोय."

जन्मभर ज्या टकटकीवर आम्ही खिदळलो ती यासाठी होती. मला एकदम रडू आलं आणि मी ते लॅमिनेशनच्या पाउचमागे लपवलं. आजोबांना दिसलं असणार. "ते प्लास्टिक उलटं धरलंयस," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संग्रहालयाच्या बाई दुकानात आल्या. माफी मागायला आल्या होत्या, पण आजोबांनी त्यांना माफी मागू दिलीच नाही, उलट बसायला आपलं स्टूल दिलं. बोलता बोलता बाई म्हणाल्या की पानांच्या कडा फार झिजल्यात, त्यांना नव्या कागदाची पट्टी जोडून घेतली तर आणखी शंभर वर्षं टिकतील. आजोबांनी कान टवकारले.

"म्हणजे नवा समास?"

"हो. पण सरसाने नाही हं. साधी पिठाची खळ, पातळ. उद्या कोणाला काढावीशी वाटली तर पाण्याने सुटली पाहिजे. आणि पट्टी कोरी. कोणी काही लिहिलंच तर पेन्सिलने, आणि कोणी लिहिलं ते खाली नाव घालून. म्हणजे जुनं कुठलं, नवं कुठलं, हे कळतं."

बस्स. आजोबांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. त्यांनी माझी कॅलेंडरं, स्पायरल, सगळं एका बाजूला सारलं आणि टेबल ताब्यात घेतलं. मी पिठाची खळ शिजवायची, त्यांनी बोटावर घेऊन नापसंत करायची, मी पुन्हा शिजवायची. दोनदा तर आजीने घरून शिजवून पाठवली आणि वर निरोप, 'गुठळी काढायला तुमच्या उस्तादांना येत नसेल तर मला बोलवा.' बांधणी उसवून एकेक पान सुटं करायचं, पट्टी लावायची, दोन फळ्यांमध्ये दाबून वाळवायचं. कापताना त्यांना एक दुपारही लागली नव्हती. जोडायला अख्खा हिवाळा गेला. बाई मधूनमधून यायच्या, भिंग लावून बघायच्या आणि चहा पिऊन जायच्या.

सगळी पानं झाली. शेवटचं राहिलं. त्याला पट्टी लावून झाली, वाळली, आणि आजोबा ते पान घरी घेऊन आले. टकटक केली, आजीने 'कोण' विचारलं, सगळं रीतसर झालं. मग त्यांनी ते पान जेवणाच्या टेबलावर तिच्यापुढे ठेवलं आणि बाजूला निळी पेन्सिल ठेवली.

"हे काय?" आजी म्हणाली.

"मी त्याच्या जागी लिहू शकत नाही. तू त्याची बहीण आहेस."

"मग? मी काय त्याच्या डोक्यात शिरून बसले होते?"

"तू लिहिशील ते मला चालेल," आजोबा म्हणाले. "काहीही लिही. 'आमच्या घरी येऊ नकोस' लिहिलंस तरी चालेल. मला फक्त ते पुरं झालेलं हवंय."

मला वाटलं आजी आता काहीतरी टोमणा मारेल. तिने चष्मा लावला, पान जवळ ओढलं आणि निळ्या अक्षरावरून बोट फिरवलं, अगदी सावकाश. मग तिने आजोबांकडे पाहिलं, ते दाराकडे बघत उभे होते.

"तिकडे तोंड करा," ती म्हणाली. "तू पण."

आम्ही दोघांनी भिंतीकडे तोंड केलं. मागे पेन्सिलीचा आवाज आला, फार थोडा. मग तिने पान लिफाफ्यात घातलं आणि लिफाफा चिकटवला.

"तिथे गेल्यावरच उघडायचं. आणि धाकटीची ओळ मी कोरीच ठेवलीय. ती माझी आहे. तिला मला रोज नवीन सुचतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही संग्रहालयात गेलो. आजीला म्हटलं, चल, तर म्हणे, "मी येऊन काय करू, मला स्वयंपाक आहे." बाईंनी पुठ्ठ्याची पेटी तयार ठेवली होती, आतून मऊ कापड लावलेली. आजोबांनी सगळी पानं एकेक करून तिच्यात ठेवली. शेवटी लिफाफा. बाईंनी तो सुरीने हलकेच उघडला, पान टेबलावर ठेवलं, आणि त्या वाचायच्या आधी थांबल्या. आधी आजोबांना वाचू दिलं.

जुन्या कागदावर लंबूमामाचं निळं, तिरकं अक्षर होतं: 'घर नाही म्हणून नाक गाळू नकोस, गाढवा. आमच्या घरी'. आणि जिथे पातं चाललं होतं त्या रेषेच्या पलीकडे, नव्या पांढऱ्या पट्टीवर, आजीचं गोल अक्षर: 'टकटक न करता ये.'

त्याखाली बारीक: 'धाकटी'.

आजोबांनी चष्मा काढला. खिशात रुमाल शोधला, सापडला नाही, मग टायच्या टोकाने काच पुसली. चष्मा पुन्हा लावला आणि पुन्हा वाचलं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. वाटलं होतं ते रडतील, पण त्यांचे खांदे हसण्याने हलत होते.

बाईंनी कार्ड पुढे ओढलं. "कोणी लिहिलंय हे?"

"घरच्यांनी," आजोबा म्हणाले.

बाई लिहीत गेल्या आणि लिहिलेलं वाचून दाखवलं. शेवटच्या नोंदीत मित्राचं घरी येण्याचं बोलावणं, शेवटचे शब्द बहिणीने पेन्सिलने पुरे केलेले. "बरोबर?"

"अगदी बरोबर," आजोबा म्हणाले, आणि कार्डावर वाकून त्यांनी ते स्वतःच्या डोळ्यांनीही वाचून घेतलं.

परत येताना ते भराभर चालत होते. माझी त्यांच्यामागे जाताना दमछाक झाली. रस्त्यात फक्त एकदा म्हणाले, "खळ चांगली झाली होती हो तुझी." मी इतकी उडाले की फुटपाथच्या कडेला अडखळले. दुकानात बसून इतकी वर्षं ज्या शब्दाची वाट बघितली तो असा रस्त्यात मिळाला.

घराशी आलो. दार नेहमीसारखं नुसतं लोटलेलं होतं. आजोबा पायपुसण्यावर उभे राहिले, हात वर गेला, दोन बोटं दाराच्या लाकडापाशी पोचली. मी मागे उभी. बोटं तशीच थांबली. मग त्यांनी हात उघडला, तळव्याने दार ढकललं आणि सरळ आत गेले.

आजी स्वयंपाकघरात पाठमोरी होती. मागे पावलं वाजली तशी ती किंचाळली आणि हातातलं झाकण खणखणत पार टेबलाखाली गेलं.

"अहो! जीव घ्याल का माझा? दार तरी वाजवायचं!"

आजोबा तिथल्याच खुर्चीत बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आजीला आधी कळेना, मग कळलं. खाली वाकून तिने झाकण उचललं, एप्रनला पुसलं आणि तिची नजर जमिनीवर गेली, दारापासून खुर्चीपर्यंत.

"पाय पुसलेत का?" ती म्हणाली.

नव्हते पुसले.